पिशवीच्या दुधाचं लोणी का निघत नाही? आणि चीक हल्ली जातो कुठे?

सायसाखर (पुणे):

नमस्कार मंडळी, हा धागा पाककृतीत टाकायचा की शेतीत ते कळेना म्हणून इथेच टाकतेय, चुकला असेल तर हलवा.

झालं असं की सासूबाई दोन महिन्यांसाठी आल्यात. माहेर वाईकडचं, घरात कायम दोन म्हशी, त्यामुळे विकतचं तूप त्यांच्या घशाखाली उतरत नाही. पहिल्याच दिवशी भातावर तूप वाढलं तर वास घेऊन म्हणाल्या "हे तूप आहे होय". मग ठरलं की घरीच कढवायचं. आमच्याकडे रोज १ लिटर गाईचं पिशवीचं दूध येतं. १८ दिवस साय काढली, म्हणजे साय म्हणायची आपली, वर जो पातळ पापुद्रा येतो तो, फ्रीझरमध्ये साठवला, मग विरजण लावलं, दुसऱ्या दिवशी मिक्सरला लावलं, बर्फाचं पाणी घातलं, आणि २० मिनिटं फिरवून हाती काय आलं तर पांढरा फेस. लोण्याचा गोळा नाहीच. सासूबाईंनी निकाल दिला, दूध पावडरचं आहे. मी म्हटलं अहो पिशवीवर गाईचं लिहिलंय तर म्हणे गाईचा फोटोच आहे फक्त. शेवटी त्या सगळ्याची कढी केली, ती मात्र चांगली झाली.

दुसरा प्रश्न चिकाचा. आमच्या जुन्या भाड्याच्या घरी गवळी यायचा रतीब घालायला, म्हैस व्यायली की किटलीभर चीक आणून द्यायचा. आता गवळीच नाही. परवा एका दुकानातून मोठ्या हौसेने खरवस आणला तर तो कापताना रबरासारखा लवलव करत होता, सरळ सरळ चायना ग्रासचा. पाव किलोला दिलेले पैसे आठवून अजून त्रास होतोय.

तर जाणकारांनी सांगा, दुधात खरंच काही घालतात का काढतात? आणि लोणी, ताक, खरवस या गोष्टी शहरात मिळेनाशा का झाल्यात? दूध तर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त मिळतंय ना.

---

फॅट_एसएनएफ:

ताई, २२ वर्षं डेअरी प्लांटमध्ये काढलीत, निम्मी क्वालिटी लॅबमध्ये, त्यामुळे सांगायचा हक्क आहे असं समजतो. सासूबाईंना सांगा दूध पावडरचं असेलच असं नाही, ते होमोजिनाइज्ड असणार. पिशवी उलटी करून बारीक अक्षरात बघा. गाईच्या दुधाच्या पिशव्या हल्ली बऱ्याच होमोजिनाइज्ड असतात.

म्हणजे काय ते सांगतो. दुधातली स्निग्धता बारीक गोळ्यांच्या रूपात तरंगत असते, साधारण ३-४ मायक्रॉनचे गोळे, प्रत्येकाभोवती नैसर्गिक पातळ आवरण. हे गोळे हलके म्हणून वर येतात, तीच तुमची साय. होमोजिनायझरमध्ये दूध प्रचंड दाबाने इतक्या अरुंद फटीतून ढकलतात की ते गोळे फुटून १ मायक्रॉनच्या आसपास होतात. जुनं आवरण त्यांना पुरत नाही, मग दुधातलं केसिन प्रोटीन येऊन त्यांना चिकटतं. आता हे गोळे इतके बारीक आणि प्रोटीनने जड झालेले, की वर येतच नाहीत. आणि घुसळताना मूळ आवरण फाटून गोळ्याला गोळा चिकटतो तेव्हा लोणी होतं, इथे ते केसिनचं चिलखत फाटत नाही. तुम्ही २० मिनिटं काय, दोन तास फिरवलं असतं तरी मिक्सर जळला असता, लोणी आलं नसतं. वरचा पापुद्रा मुख्यतः प्रोटीनचा असतो, साय नव्हे.

कंपन्या हे करतात का, तर गिऱ्हाईकाला पहिल्या कपापासून शेवटच्यापर्यंत दूध सारखं लागतं, चहा पांढरा दिसतो, दही गुळगुळीत लागतं. भेसळ वगैरे काही नाही.

पाश्चरायझेशनचा यात दोष नाही हे मात्र लक्षात घ्या, लोक दोन्ही एकच समजतात. ७२ अंशाला १५ सेकंद, बस. तेवढ्याने साय यायची थांबत नाही, आपण घरी तर त्याहून जास्त उकळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे काढतात, आणि ते उघड काढतात. म्हशीच्या दुधात ६-७ टक्के फॅट. टोन्ड म्हणजे ३ टक्के, डबल टोन्ड १.५, स्टँडर्ड ४.५, फुल क्रीम ६. उरलेलं फॅट कुठे गेलं? बटर आणि तूप होऊन त्याच दुकानाच्या पुढच्या फळीवर बसलंय. म्हणजे जे लोणी पूर्वी तुमच्या स्वयंपाकघरात निघायचं ते आता प्लांटच्या सेपरेटरवर, म्हणजे साय वेगळी काढणाऱ्या यंत्रावर, निघतं, एवढाच फरक. हिशोब करा, ३.५ टक्के दुधाच्या लिटरला ३५ ग्रॅम फॅट, त्यातलंही निम्म्याहून जास्त तुम्ही चहा-दुधातून पिऊन टाकता.

उपाय: म्हशीचं फुल क्रीम घ्या, पिशवीवर होमोजिनाइज्ड शब्द नको. उकळून गार झालं की फ्रीजमध्ये ८-१० तास हलवू नका. मग साय काढा.

---

कडवट_कारलं:

हे सगळं कंपन्यांचं नाटक आहे. कच्चं दूध म्हणजे अमृत होतं, यांनी त्याचं मढं केलं. आमचे आजोबा धारोष्ण दूध प्यायचे, ९० वर्षं जगले.

---

फॅट_एसएनएफ:

@कडवट_कारलं आजोबांना नमस्कार. पण त्याच काळात कच्च्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिस होऊन गेलेल्यांचे नातू इथे लिहायला नाहीत. एवढंच बोलतो, धागा भरकटायला नको.

---

म्हसरंवाला (जि. कोल्हापूर):

चिकाचं मी सांगतो, कारण आमच्याकडं आत्ता गोठ्यात सहा जनावरं हायत, चार म्हशी दोन एचएफ (होल्स्टीन, विलायती जातीच्या) गाई.

ताई, चीक कुठंच जात नाही, तो गोठ्यातच राहतो. गावच्या दूध संस्थेत घालता येत नाही. व्यायल्यावर पहिले चार-पाच दिवस दूध घ्यायचं नाही असा आमच्या गावच्या संस्थेचा नियम आहे, आणि कुणी गुपचूप घातलंच तर दूध तापवल्यावर फाटतं आणि सगळ्या कॅनचं वाटोळं होतं, मग सचिव नाव घेऊन शिव्या घालतो. पूर्वी गवळी शहरात स्वतः किटली घेऊन जायचा, गिऱ्हाईकाचं घर माहीत, त्यामुळं चीक पण त्याच किटलीसोबत जायचा. आता सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी साडेसहाला संस्थेत माप, तिथून टेम्पो, तिथून बल्क कूलर, ४ डिग्रीला गार करून टँकर. त्या साखळीत चिकाला जागाच नाही. आधी रेडकाला पाजायचा, तो पहिला मान, आणि उरला तर भावकीत वाटायचा.

आमच्यात चिकाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, त्यात मूठभर साखर नाहीतर गूळ घालून देतात. गेल्या साली शेजारच्या नव्या सूनबाईनं स्टीलचा डबा घासून पुसून चकचकीत करून रिकामा परत दिला, आमच्या आईनं दोन दिवस तोंड वाकडं केलं. पोरीचा काय दोष, तिच्या माहेरी कधी चीक आलाच नसंल.

आता ताकाचं ऐका, हे मला जास्त लागतं. लहानपणी आमच्या दारात सकाळी ताक मागायला बाया-पोरं यायची, लोणी काढलं की ताक कुणी विकत नव्हतं, ते वाटायचंच असायचं. ताकाला जाऊन भांडं लपवू नये ही म्हण तिथनंच आली. आता माझ्या घरात सहा जनावरं आणि बायको दुकानातनं ताकाची पिशवी आणते! कारण दूध दोन वेळचं सगळं संस्थेला. दर दहा दिवसांनी बिल, त्यात पेंडीचे पैसे वळते, सोसायटीचा हप्ता. घरात अर्धा लिटर चहाला ठेवतो. विरजायला उरतंय कुठं? आणि गाईच्या दुधाला दर ३.५ फॅट, ८.५ एसएनएफवर (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), पॉइंट खाली आला की पैसे कटतात, त्यामुळं साय काढून उरलेलं घालावं अशी चलाखी पण करता येत नाही, मशीन लगेच दाखवतंय.

दूध संघाला शिव्या देत नाही हां. गवळ्याच्या काळात उधारी बुडायची, उन्हाळ्यात दूध नासायचं. आता महिन्याला तीन वेळा खात्यात पैसे. बाकी कोल्हापुरात आलात तर गंगावेशीत कट्ट्यावर जा, म्हैस समोर उभी करून धार काढून ग्लासात देतात अजून. पण ते प्यायला झालं, लोण्याचं नाही.

---

चाळकरी_आजोबा (दादर):

म्हसरंवाले, ताकाचं वाचून बरं वाटलं आणि वाईटही.

मी दुसरी बाजू मांडतो. मुंबईतल्या माणसाला शुद्ध लोण्याच्या आठवणींचे उमाळे फार येतात, पण स्वातंत्र्याच्या आसपास मुंबईत दूध म्हणजे शहरातल्याच गोठ्यांतलं, पाणी घातलेलं, आणि सगळ्यांना न मिळणारं. मग गोरेगावला आरे वसाहत झाली, १९४९ साली, म्हशी शहराबाहेर नेल्या. टोन्ड दूध हा प्रकार तिथलाच, तेव्हाचे दूध आयुक्त दारा खुरोडी साहेबांची कल्पना, म्हशीच्या घट्ट दुधात पाणी आणि स्किम पावडर घालून तेच दूध जास्त घरांत पुरवायचं. काचेच्या बाटल्या, वर ॲल्युमिनियमचं झाकण, हातात कार्ड, पहाटे केंद्रावर रांग. आमच्या आईने त्या टोन्ड दुधावर चार मुलं वाढवली आणि तिच्या तोंडून "साय येत नाही" ही तक्रार मी ऐकली नाही, कारण दूध मिळतंय हेच पुष्कळ होतं. पुढे १९७० ला ऑपरेशन फ्लड ही देशभरची दूध योजना आली, त्यात पहिल्या टप्प्यात युरोपातून मदत म्हणून आलेली पावडर आणि बटर ऑइल मिसळून चार महानगरांना दूध पुरवलं. म्हणजे सासूबाईंचा पावडरचा संशय अगदीच हवेतला नाही, चाळीस-पन्नास वर्षं उशिरा आला इतकंच.

शहराला पातळ दूध आधी, बाकी पदार्थ नंतर, हे धोरणच होतं. बंगालात तर १९६५ मध्ये प्रफुल्लचंद्र सेनांच्या सरकारने छेन्याच्या मिठाईवरच बंदी घातली होती, दूध मुलांना मिळावं म्हणून. संदेश-रसगुल्ल्यावर बंदी, तीही कलकत्त्यात, विचार करा.

आणि एक. ते रोजचं घुसळणं कोण करायचं? आमची आजी. पहाटे उठून, घुसळखांबाला दोरी लावून, हाताला घट्टे. तिला विचारलं असतं तर तिने सेपरेटरची पूजा केली असती.

---

सायसाखर:

@आजोबा हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "घट्टे पडायचे हे खरं, पण बेरी पण आम्हालाच मिळायची". तूप कढवल्यावर तळाला उरते ती बेरी, त्यात साखर घालून पोळीशी. विकतच्या तुपाच्या बरणीत बेरी कुठे असते, ती फॅक्टरीतच गाळली जाते. हे मला सुचलंच नव्हतं.

---

भूमकर_खवा:

आमच्याकडं उलटी गोष्ट आहे म्हणून लिहितो. धाराशिव जिल्ह्यातला भूम, वाशी, कुंथलगिरी हा सगळा खव्याचा पट्टा. खवा इथं का, तर डोंगराळ भाग, पूर्वी रस्ते नाहीत, दूध शहरात पोचेपर्यंत नासणार, मग आटवून टाका. साधारण ५ लिटर दुधाचा १ किलो खवा, म्हशीचं असेल तर कमी लागतं, गाईचं असेल तर जास्त. खवा दूधापेक्षा टिकतो आणि एसटीच्या टपावर टाकता येतो. म्हणजे डेअरी नव्हती म्हणून खवा होता.

आता शीतकरण केंद्रं आली, टँकर येतात, तर शेतकरी दुधाचा दर बघून ठरवतो भट्टीला घालायचं का डेअरीला. दुधाचा दर पडला की भट्ट्या जोरात, दर चढला की भट्टीवाला दुधामागं पळतो. सणाच्या तोंडाला खवा का महागतो ते यातनं कळंल. त्यातनं जळणाचा खर्च, लाकूड परवडत नाही, आणि कढईवर उभं राहून सारखा सराटा फिरवायचा, उन्हाळ्यात त्या भट्टीपाशी कोण उभं राहतंय? पोरं पुण्याला कंपनीत जातात.

आणि होमोजिनाइज्ड दुधाचा खवा पण नीट होत नाही हे मी एकदा करून बघितलंय. खव्याला तूपच सुटत नाही, नुसता मऊ गोळा, वास नाही. त्याचा पेढा कोरडा लागतो. रबडीला तर थरच धरत नाहीत. बासुंदी होते त्यातल्या त्यात.

---

फॅट_एसएनएफ:

भूमकर, बरोबर निरीक्षण. फॅट प्रोटीनमध्ये अडकून बसतं म्हणून तूप सुटत नाही.

श्रीखंडाचंही सांगून टाकतो. घरी आपण सायीसकट दही टांगून चक्का करतो. मोठ्या प्रमाणावर करताना आधी दुधातली साय काढून घेतात, स्किम दुधाचं दही लावतात, ते सेपरेटरमधून फिरवून पाणी काढतात आणि चक्क्यात मग क्रीम परत मोजून घालतात. बडोद्याच्या सुगम डेअरीने ही पद्धत बसवली. यामुळे श्रीखंड बारमाही झालं, नाहीतर पाडवा आणि दसरा सोडून कोण खात होतं. म्हणजे प्रक्रियेमुळे पदार्थ गायबच होतात असं नाही, ज्याला टिकवता आणि मोजता येतं तो वाढतो. श्रीखंड वाढलं, पनीर वाढलं. चीक पाश्चरायझरमध्ये घातला तर प्लेटांवर थिजून बसेल, कारण पहिल्या धारेत १०० ला १४ च्या आसपास प्रोटीन, साध्या दुधात ३-४. कायद्यातल्या दुधाच्या व्याख्येतच ते चीकविरहित हवं असं आहे. त्यामुळे डेअरीने कितीही ठरवलं तरी दुधाच्या लाइनवर खरवस होणार नाही, त्याला वेगळं गोळा करून वेगळंच काम करावं लागेल.

---

बव्हेरियातून_बंड्या:

इकडून माझा अनुभव. जर्मनीत सुपरमार्केटमधलं दूध जवळपास सगळं होमोजिनाइज्ड, आणि त्यातलं बरंचसं महिनोन्‌महिने टिकणारं यूएचटी, १३५ अंशाच्या वर काही सेकंद तापवलेलं, त्याला उकळलेल्या दुधाचा वास येतो, साय विसरा. दोन वर्षं मी पण फेस काढत बसलो. मग एका बाईंनी सांगितलं, ऑरगॅनिक दुकानात डेमेटर शिक्क्याचं दूध घे, त्यांच्या नियमात होमोजिनाइज करायला बंदी आहे. बाटलीच्या गळ्याशी साय जमलेली असते, डोळ्यात पाणी आलं खरंच. पण महाग. लोण्यासाठी सोपा जुगाड म्हणजे ३० टक्केवालं व्हिपिंग क्रीम आणायचं, त्यात दोन चमचे दही घालून रात्रभर बाहेर ठेवायचं, फ्रीजमध्ये गार करायचं आणि हँड मिक्सर. ५ मिनिटांत लोणी, आणि खाली आंबट खरं ताक. अर्धा लिटरला पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास निघतं. कृष्णाष्टमीला आमच्या इथली सगळी मराठी जनता हेच करते.

इथे क्रीम होमोजिनाइज्ड असलं तर त्रास होतो का हे @फॅट_एसएनएफ सांगतील, माझं तरी निघतंय.

---

फॅट_एसएनएफ:

फॅट ३० टक्के असलं की गोळे एकमेकांना खेटून असतात, आणि क्रीमला होमोजिनाइज केलं तरी फार कमी दाबाने करतात, नाहीतर ते फेटताच येणार नाही. म्हणून निघतं.

---

सायसाखर:

रिपोर्ट द्यायला आले, तीन आठवडे गायब होते सॉरी.

म्हशीचं फुल क्रीम आणलं, पिशवी चष्मा लावून वाचून, दुकानदार म्हणाला मॅडम परीक्षा आहे का. रोज १ लिटर, १५ दिवस. साय अशी जाड की चमच्याने उचलली तर पोळीसारखी उठते. सासूबाईंनी मिक्सरला हात लावू दिला नाही, म्हणाल्या मिक्सर गरम होतो आणि लोणी पातळ होतं, मोठ्या पातेल्यात रवीने घुसळलं, मध्ये एकदा माझ्याकडे दिलं तर ७ मिनिटांत माझा खांदा गेला (आजोबा, तुमच्या आजीला दंडवत). बर्फाचं पाणी घातल्यावर एकदम आवाज बदलतो, खळखळ होतं आणि कण दिसायला लागतात. लोणी ४१० ग्रॅम, तूप त्यातून तीनशेच्या वर. बेरी मुलाने आणि सासूबाईंनी भांडून खाल्ली, मला वासच मिळाला.

पैशाचा हिशोब नवऱ्याने काढला, पण दूध प्यायलो ते धरायचं का नाही यावर वाद झाला म्हणून इथे देत नाही.

एकच अडचण, रवी जुनी होती ती चिरली. आता लाकडी रवी चांगली कुठे मिळेल?

---

म्हसरंवाला (जि. कोल्हापूर):

तुळशीबागेत बघा की, पुण्यात राहून विचारताय. बाभळीची नाहीतर सागाची घ्या, रंग दिलेली घेऊ नका.

आणि आमची मोठी म्हैस श्रावणात व्यायला आलीय. चीक फ्रीझरमध्ये महिनाभर राहतो, बाटलीत भरून गोठवून एसटीनं पाठवता येतो, पुण्याला आमचा भाचा असतो तो घेऊन येईल. पहिल्या दिवसाचा असला तर एका वाटीला दोन वाट्या साधं दूध घाला, नाहीतर घट्ट होतो. गूळ घाला, साखर नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

सायसाखर:

केला व्यनि! बाटली साखर भरूनच परत येईल, आईंना सांगा.